इकडे तोंड करून बोला

मुलांनो, मी बत्तीस वर्षे शाळेत शिकविले आणि त्यांपैकी शेवटची काही वर्षे मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर काढली. इतक्या वर्षांत विद्यार्थ्यांच्या पुष्कळ चुका मी पाहिल्या आणि त्यांखाली तांबड्या शाईच्या रेघाही पुष्कळ ओढल्या. आज मात्र तुम्हांला माझी स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

१९८९ साली मी नुकताच नोकरीस लागलो होतो. गाव अकोला जिल्ह्यातले, पूर्णा नदीच्या खोऱ्यातले. हा सारा खारपाणपट्टा. विहीर खणावी तर खारे पाणी लागे, म्हणून पिण्याचे पाणी दुरून आणावे लागे. जमीन काळीभोर, पावसाळ्यात चिखलात पाय पोटरीपर्यंत रुते आणि दिवाळीच्या सुमारास त्याच जमिनीवर पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुललेली दिसे. आमच्या सहावीच्या वर्गात बेचाळीस मुले होती. त्यांत मागच्या बाकावर, खिडकीशी, एक मुलगा बसे. त्याचे नाव मी येथे सांगत नाही. आता तो मुलाबाळांचा धनी झाला आहे.

हा मुलगा फारसा कोणाशी बोलत नसे. गणिते फळ्यावर मांडली की झटपट सोडवी. पण तोंडी प्रश्न विचारला की माझ्याकडे नुसता पाहत राही. कधी हाक मारली तरी मान वर करीत नसे. दर शनिवारी मी शुद्धलेखन घालीत असे, आणि त्या वहीत त्याची दुर्दशा पाहवत नसे. मी त्यास आळशी ठरविले. पुढे उद्धटही ठरविले. दोन वेळा त्यास वर्गाबाहेर व्हरांड्यात उभे केले. तो एक शब्द न बोलता जाऊन उभा राही, आणि याचाच मला अधिक राग येई. असे तीन महिने चालले.

दिवाळीच्या सुटीत मी शुद्धलेखनाच्या वह्या तपासावयास घरी आणल्या होत्या. त्याची वही हाती घेतली, रेघा ओढण्यास आरंभ केला आणि एकाएकी थांबलो. ‘बाळ’ या शब्दाऐवजी त्याने ‘माळ’ लिहिले होते. ‘पान’ या शब्दाऐवजी ‘मान’. ‘बैल’ या शब्दाऐवजी ‘मैल’. मागची पाने उलटली, तेथेही तोच प्रकार. आळशी मुलाच्या चुका वाटेल तशा विखुरलेल्या असतात; या चुका मात्र एकाच घरातल्या भावंडांसारख्या होत्या. प, ब आणि म ही तीनच अक्षरे एकमेकांच्या जागी जाऊन बसत होती. शिवाय मधूनमधून एखादी ओळ अगदी कोरी सोडलेली.

मी उठलो, आरशापुढे उभा राहिलो आणि आवाज न काढता ‘पान’ म्हटले. मग ‘मान’ म्हटले. तुम्हीही आज घरी हे करून पाहा. दोन्ही वेळी ओठ सारखेच मिटतात व सारखेच उघडतात. डोळ्यांना त्यांत काहीच भेद दिसत नाही. भेद असतो तो कानांसाठी. तो मुलगा माझे शब्द ऐकत नव्हता. तो ते माझ्या ओठांवर वाचीत होता. आणि मी येरझारा घालीत त्याच्याकडे पाठ करून चालू लागलो की त्याची ओळ कोरी राही!

सुटी संपल्यावर मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो आणि हळू आवाजात म्हणालो, “ज्यांना आज अर्धी सुटी हवी असेल त्यांनी हात वर करा.” एकेचाळीस हात वर झाले.

त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाने हे सारे माझ्या कितीतरी आधी ओळखले होते. मी पुस्तकाचे पान सांगितले की तो पानाचा आकडा बाकावर बोटाने काढून दाखवीत असे. मी त्यास विचारले, “अरे, हे मला का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “तुम्ही इचारलंच नाही, गुरुजी.”

त्याच सायंकाळी मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याची आई कापूस वेचून नुकतीच परतली होती. कमरेची ओटी अजून सोडावयाची होती. मला दारात पाहून ती घाबरली. “काही खोडी केली काय जी ह्यानं?” असे तिने विचारले. मी कानांची गोष्ट काढली. ती बराच वेळ उगी राहिली. मग म्हणाली, “लहानपणापासून कान वाहतात जी त्याचे. आम्ही गरम तेल टाकतो. शाळेत सांगतलं असतं, तं तुम्ही पोराचं नावच काढून टाकलं असतं.”

या बोलण्याचे उत्तर मजजवळ नव्हते. आपल्या लेकराची उणीव आईने शाळेपासून लपवावी, कारण शाळा त्याला घेणार नाही अशी तिला भीती वाटावी, यात त्या माउलीचा दोष कितीसा? तिने आजवर जे पाहिले होते त्यावरूनच तिने हा हिशोब केला होता.

मुलांनो, शाळेचे दार आपल्यासाठी उघडे आहे की नाही, ही शंका आपल्या वऱ्हाडात पुष्कळ घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मनात बाळगली आहे. जातीमुळे कित्येक मुलांना पूर्वी वर्गाच्या बाहेर बसावे लागे. डॉ. पंजाबराव देशमुख हे अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचे. विलायतेत उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि १९२७ च्या सुमारास त्यांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय काढले. निरनिराळ्या जातींची मुले तेथे एका छपराखाली राहू लागली व एका पंगतीत जेवू लागली. आज तुम्हांला यात काहीच विशेष वाटणार नाही. त्या काळी त्यासाठी मोठी छाती लागत असे. पंजाबराव पुढे भारताचे कृषिमंत्री झाले.

परंतु ज्या मुलास दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्यासाठी दार उघडण्यास याहून उशीर लागला. याचे एक विलक्षण उदाहरण आपल्याच भागातले आहे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी एक मूल जन्मास आले. ते वर्षाचे होण्याआधीच त्याची दृष्टी गेली. चार वर्षांचा होतो न होतो तोच आईचे छत्र हरपले. पुढे हाच मुलगा गुलाबराव महाराज या नावाने प्रसिद्धीस आला. त्यांचे गाव माधान. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. ज्याचे डोळे म्हणजे त्याची बुद्धीच, असा या शब्दाचा अर्थ आहे.

आता थोडा विचार करा. ते सहा वर्षांचे झाले तेव्हा, म्हणजे १८८७ साली, आपल्या देशातील अंधांची पहिली शाळा दूर पंजाबात, अमृतसर येथे निघाली. मुंबईत अशी शाळा निघाली ती १९०० साली. माधानच्या शेतकऱ्याच्या मुलाला या दोन्ही गोष्टींचा काय उपयोग? म्हणून शाळा त्यांना लाभलीच नाही. मग ते शिकले कसे? दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचवून घेऊन. ज्याला वाचता येते अशा माणसास ते जवळ बसवीत, तो वाची आणि हे ऐकत. ऐकलेले त्यांच्या स्मरणात पक्के राही. लिहिण्याचीही तीच तऱ्हा. ते सांगत आणि दुसरे कोणी लिहून घेई. अशा रीतीने त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. तत्त्वज्ञान, काव्य, संगीत, वैद्यक असे नाना विषय त्यांत आहेत. १९१५ साली पुणे येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे चौतीस वर्षांचे होते.

महाराजांच्या अलौकिक बुद्धीची थोरवी सर्वजण गातात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या वाचून दाखविणाऱ्यांची व लिहून घेणाऱ्यांची आठवण फार येते. रात्री दिव्याच्या उजेडात एकाने वाचावे, दुसऱ्याने ऐकावे; चुकले तर मागे जावे, पुन्हा वाचावे. त्यांनी कंटाळा केला असता तर ते ग्रंथ आज कोठे असते?

अंध माणसास स्वतः वाचता यावे, दुसऱ्यावर अवलंबून राहावे लागू नये, ही युक्ती मात्र तोवर जगात निघालेली होती. लुई ब्रेल नावाचा एक फ्रेंच मुलगा होता. त्याचा जन्म १८०९ सालचा. बाप घोड्यांचे कातडी साज बनवी. तीन वर्षांचा लुई बापाच्या कारखान्यात हत्याराशी खेळत असता ते त्याच्या डोळ्यास लागले आणि पुढे त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली. १८२४ साली, म्हणजे अवघ्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी तयार केली. दोन उभ्या रांगा, प्रत्येकीत तीन टिंबे. कोठले टिंब उठवावयाचे आणि कोठले नाही, यावरून त्रेसष्ट आकृत्या होतात. त्या कागदावर उठून दिसतात, म्हणजे बोटांना लागतात. भारतातील भाषांसाठी या लिपीचे ‘भारती ब्रेल’ हे रूप १९५१ साली मान्य झाले. मराठीही त्याच लिपीत लिहिली जाते.

या लिपीची एक गंमत तुम्हांला सांगतो. ‘किती’ हा शब्द आपण लिहितो तेव्हा पहिल्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटी आधी काढतो आणि तिचा उच्चार मात्र मागाहून करतो. ब्रेलमध्ये असे नाही. तेथे आधी ‘क’, मग वेलांटी. जसे बोलावे तसेच लिहावे. दुसरी गंमत अशी, की हाताने ब्रेल लिहिताना पाटीवर कागद बसवून अणकुचीदार टोच्याने मागच्या बाजूने टिंबे टोचतात. म्हणून लिहावयाचे उजवीकडून डावीकडे. कागद उलटला की वाचावयाचे डावीकडून उजवीकडे. म्हणजे लिहिताना प्रत्येक अक्षर आरशात दिसते तसे उलटे ध्यानात ठेवावे लागते. शुद्धलेखनाचा कंटाळा करणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावे!

आता आजच्या काळाकडे येऊ. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी वज्झर नावाचे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी एक बालगृह उभे केले. शंकरबाबा पूर्वी परिटाचे काम करीत. पुढे त्यांनी पत्रकारिताही केली. त्यांचे प्रेरणास्थान म्हणजे संत गाडगेबाबा. गाडगेबाबाही आपल्याच जिल्ह्यातले, शेंडगावचे. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा हा संत स्वतः शाळेत शिकला नव्हता. पण लेकरांना शिकवा, असे कीर्तनातून जन्मभर सांगत राहिला.

जी मुले मतिमंद, मूकबधिर किंवा अंध आहेत आणि ज्यांना जन्मदात्यांनी रस्त्यावर किंवा रेल्वेस्थानकावर सोडून दिले आहे, अशी मुले शंकरबाबांनी आपली मानली. शाळेत नाव घालताना बापाच्या नावाचा रकाना भरावा लागतो. तेथे या मुलांसाठी काय लिहावयाचे? बाबांनी स्वतःचे नाव लिहिले. अशी शंभराहून अधिक मुले त्यांचे नाव लावतात. या मुलांनी बालगृहाभोवतीच्या माळावर हजारो झाडे लावून ती वाढविली आहेत. २०२४ साली भारत सरकारने शंकरबाबांना पद्मश्री देऊन गौरविले. पण त्यांचे गाऱ्हाणे निराळेच आहे. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली की त्याने बालगृह सोडावे, असा नियम आहे. जे मूल आपले नावही सांगू शकत नाही, ते अठराव्या वाढदिवशी कोठे जाईल? यासाठी कायदा बदलावा म्हणून शंकरबाबा कित्येक वर्षे शासनाकडे आग्रह धरीत आले आहेत. या प्रश्नाचे उत्तर मलाही तुमच्याइतकेच हवे आहे.

याच बालगृहात माला वाढली. ती तान्ही असताना जळगावच्या रेल्वेस्थानकावर कोणी तिला टाकून गेले होते. तिला दिसत नव्हते. वज्झरला आल्यावर ती ‘माला शंकरबाबा पापळकर’ झाली. ब्रेल शिकली, शाळा शिकली, अमरावतीच्या महाविद्यालयातून पदवीधर झाली. पुढे तिने महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या स्पर्धा परीक्षांचा ध्यास घेतला. पहिल्या प्रयत्नांत यश आले नाही. तिने पुन्हा अभ्यास केला, आणि २०२४ साली लिपिक-टंकलेखक पदासाठीच्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. वर्तमानपत्रांनी तिचे छायाचित्र मोठे छापले. मला त्या बातमीत एक लहानशी गोष्ट मोलाची वाटली. तिला परीक्षेत लेखनिक मिळाला होता.

लेखनिक म्हणजे काय, हे तुम्हांला ठाऊक असले पाहिजे. कारण तुमच्यापैकी कोणास ते काम उद्या करावे लागेल. ज्यास दिसत नाही किंवा ज्याचा हात लिहू शकत नाही, असा परीक्षार्थी उत्तर सांगतो आणि लेखनिक ते लिहितो. लेखनिक सामान्यतः परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असतो, म्हणजे आपले ज्ञान त्याने मध्ये घालू नये. सांगितलेले चुकीचे आहे असे वाटले तरी ते तसेच लिहावयाचे, आणि आपल्यास येते म्हणून एक शब्दही वाढवावयाचा नाही. वाटते तितके हे सोपे नाही. यासाठी वेळही अधिक लागतो. केंद्र शासनाच्या सूचनांप्रमाणे अशा परीक्षार्थींस तासामागे किमान २० मिनिटे जादा द्यावयाची असतात. म्हणजे तीन तासांची परीक्षा चार तासांची होते. काही मुले म्हणतात, “गुरुजी, त्याला एक तास जास्त आणि आम्हांला का नाही?” त्यांना मी एवढेच विचारतो, “बाळ, डोळे मिटून दुसऱ्याकडून एक निबंध लिहून घेतोस का?” आजवर पान पुरे करणारा मला भेटलेला नाही.

हे सर्व आता दयेचा विषय राहिलेले नाही. तो हक्क आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून देशात लागू झाला. त्यापुढे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जुन्या, १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार गणले होते; नव्यात एकवीस आहेत. ज्यांना अक्षरे वाचताना किंवा आकडे मांडताना बुद्धी असूनही विलक्षण अडचण येते, अशी मुलेही त्यांत आली. पूर्वी आम्ही शिक्षक त्यांना सरळ ‘ढ’ म्हणून मोकळे होत असू! ज्यांचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक आहे, अशा मुलास सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते त्याने जवळच्या शाळेत घ्यावे की त्याच्यासाठीच्या खास शाळेत, याची निवड त्याची. सर्व मुले एकत्र शिकतील आणि ज्यास जशी गरज तशी शिकविण्याची रीत बदलेल, अशा शिक्षणास ‘समावेशक शिक्षण’ म्हणतात.

कायदा कागदावर असतो. शाळेची पायरी मात्र दगडाची असते. चाकाच्या खुर्चीवरील मुलीस ती पायरी चढता येत नाही, म्हणून उतार बांधावा लागतो. या उताराचेही गणित आहे. पायरीची उंची एक फूट असेल तर उतार बारा फूट लांब हवा, तरच खुर्ची स्वतःच्या हाताने ढकलता येते. मी पाहिलेल्या एका शाळेत जागा वाचविण्यासाठी उतार इतका उभा बांधला होता, की मधल्या सुटीत सारी मुले त्यावर घसरगुंडी खेळत आणि जिच्यासाठी तो बांधला ती मुलगी खाली बसून पाहत असे.

मग घरच्या माणसांचा विचार करा. वर्गात आपल्याला एकटा मुलगा दिसतो. त्याच्या मागे एक सबंध घर उभे असते. त्याला शाळेत पोहोचविण्यासाठी आईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालाव्या लागतात. थोरली बहीण धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरी राहते, आणि एकाऐवजी दोन मुलांची शाळा सुटते. यातल्या दुसरीची मोजदाद कोणीच करीत नाही. मी मुख्याध्यापक असताना अशा बहिणींची नावे हजेरीपटात शोधीत असे. जिच्या नावापुढे सोमवारी व गुरुवारी हटकून गैरहजेरी लागे, तिच्या घरी चौकशी केली की बहुधा दवाखान्याचा वार निघे. वर्गातील कोणी शेजारच्या मुलाने त्या दिवशीचा अभ्यास तिला सायंकाळी नेऊन दिला, तर त्या घरावर केवढे उपकार होतात!

उपकार करतानाही रीत पाहिजे. अंध मित्रास रस्ता ओलांडून देताना पुष्कळ लोक त्याचा दंड धरून त्यास पुढे ढकलतात. तसे करू नये. आपले कोपर त्याच्या हाती द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. म्हणजे पायरी आली, वळण आले, हे त्यास आपल्या चालण्यावरून आपोआप कळते. ज्यास ऐकू येत नाही त्याच्याशी ओरडून बोलण्यात अर्थ नाही. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि त्यास वाचता येईनासे होतात. आणि कोणालाही ‘बहिऱ्या’, ‘लंगड्या’ अशी हाक मारण्याआधी, आपणांस आपल्या एखाद्या उणिवेच्या नावाने सारा गाव हाक मारू लागला तर कसे वाटेल, हे मनाशी ठरवावे. आमच्या लहानपणी अशा हाका सर्रास चालत, आणि मीही त्या मारल्या आहेत.

असो. मागच्या बाकावरील त्या मुलाची गोष्ट अपुरी राहिली.

कापूस वेचणीचे दिवस होते. एका दिवसाची मजुरीही जड होती. तरीही त्याची आई एके सोमवारी त्याला घेऊन माझ्याबरोबर अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आली. डॉक्टरांनी कान तपासले. दोन्ही पडद्यांना भोके पडली होती. तेल ओतण्याचे आधी बंद करा, कानात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, असे त्यांनी बजावले आणि औषध दिले. कान वाहणे पुढे थांबले. दोन वर्षांनी एका कानावर शस्त्रक्रियाही झाली. गेलेले सारे परत आले नाही, थोडे आले.

शाळेत आम्ही त्यास पहिल्या बाकावर आणले. त्याचा शेजारीही हट्टाने त्याच्याबरोबर पुढे आला. मी येरझारा सोडल्या. फळ्यावर लिहीत असताना बोलणे सोडले. आधी लिहावे, मग वळावे, मग बोलावे. प्रथम प्रथम फार अवघड गेले, कारण माझी जीभ हातापेक्षा उतावळी. खिडकी माझ्या पाठीशी आली की तोंडावर सावली पडते व ओठ दिसत नाहीत, हे त्यानेच मला सांगितले. म्हणून मी उभे राहण्याची जागा बदलली. त्या काळी माझ्या मिशा चांगल्या भरदार होत्या व वरचा ओठ झाकून टाकीत; त्याही कातराव्या लागल्या. गावात त्याची बरीच चर्चा झाली. एक नवल मात्र घडले. त्या वर्षी साऱ्या वर्गाचेच शुद्धलेखन सुधारले. शिक्षक भिंतीकडे तोंड करून बोलतो तेव्हा एकटा बहिरा मुलगाच ऐकावयाचा राहतो असे नाही, हे मला तेव्हा समजले.

‘पान’ आणि ‘मान’ यांचा गोंधळ थोडाबहुत शेवटपर्यंत राहिला. दहावीच्या परीक्षेत त्यास मराठीत जेमतेम गुण पडले, गणितात मात्र उत्तम. पुढे तो मोटारपंप दुरुस्त करावयास शिकला. आता तालुक्याच्या गावी त्याचे दुकान आहे. पंप बिघडला की इतर कारागीर आवाज ऐकून दोष ओळखतात. हा चालत्या पंपावर तळहात ठेवतो, क्षणभर डोळे मिटतो आणि कोठला भाग झिजला ते सांगतो. लांबलांबचे शेतकरी त्याच्याकडे पंप घेऊन येतात.

दोन वर्षांपूर्वी मी त्या बाजूस गेलो असता मुद्दाम त्याच्या दुकानी थांबलो. त्याने खुर्ची दिली, चहा मागविला. रस्त्यावरून कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. त्यांच्याकडे पाहत पाहत, यंदा भाव काय निघाला, असे मी त्यास विचारले. उत्तर आले नाही. काही वेळाने खांद्यावर हात पडला. मी वळून पाहिले, तो हसत होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “इकडे तोंड करून बोला.”